मेलेला ट्रिप टकर आणि चाहत्यांचा न्याय

श्रोतेहो, नमस्कार.

१३ मे २००५ च्या रात्री अमेरिकेत यूपीएन या वाहिनीवर ‘स्टार ट्रेक: एंटरप्राइझ’ मालिकेचा शेवटचा भाग लागला. भाग क्रमांक ९८. त्या भागात मालिकेतल्या अंतराळजहाजाचा मुख्य अभियंता मेला. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, एक कादंबरी आली आणि तिनं सांगितलं की तो मेलाच नव्हता. आजचं बोलणं त्या कादंबरीविषयी आहे, आणि ती वाचून चाहते काय काय म्हणाले त्याविषयी.

मालिकेवरून लिहिलेल्या कादंबरीला टाय-इन कादंबरी म्हणतात. तिचे दोन प्रकार. एक, पडद्यावर झालेली गोष्टच पुस्तकात लिहायची. दुसरा, पडद्यावर जे झालंच नाही ते लिहायचं, म्हणजे मालिका जिथं थांबली तिथून पुढं जायचं. मूळ स्टार ट्रेक १९६९ मध्ये बंद झाली आणि १९७० मध्येच जेम्स ब्लिश यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली त्या जगातली पहिली स्वतंत्र कादंबरी आली. तेव्हापासून हा धंदा चालू आहे. धंदाच म्हणतो, कारण त्यात लेखकाच्या मालकीचं काही नसतं. पात्रं हक्कधारकाची, जहाज हक्कधारकाचं, लिहून झालेली कादंबरीही हक्कधारकाची. लेखक आधी कथेचा आराखडा देतो. तो संपादकाकडून हक्कधारकाकडे जातो, तिथून होकार आला की लेखक साधारण ८० हजार ते १ लाख शब्द लिहितो, आणि ते पुन्हा त्याच वाटेनं तपासायला जातात. मालिका चालू असेल तर आणखी एक बंधन येतं: पुस्तकाच्या शेवटी सगळं होतं तिथं परत ठेवायचं. कुणी मरायचं नाही, कुणाचं लग्न व्हायचं नाही. मालिका बंद पडली की हात मोकळे होतात. म्हणून चाहते ज्यांवर खरे भांडतात त्या कादंबऱ्या बहुधा बंद पडलेल्या मालिकांच्या असतात.

आपल्या खानदेशात हे नवं वाटायला नको. १९९८ मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायची, मिलिंद सोमणचा कॅप्टन आणि पळालेले बारा कैदी. लाईट गेली की भाग गेला. मग ज्यानं पाहिला तो न पाहिलेल्यांना सांगायचा, सांगताना पदरचं थोडं घालायचा, आणि ऐकणारा विचारायचा, “मंग काय व्हयनं?” पदरचं किती घातलेलं चालतं आणि किती घातलं की ऐकणारा उठून जातो, हा अंदाज चांगल्या सांगणाऱ्याला असतो. टाय-इन लिहिणाऱ्यालाही तोच लागतो.

आता ती गोष्ट. ती नीट सांगायला हवी, कारण चाहत्यांचा राग आणि कादंबरीची युक्ती दोन्ही तपशिलात आहेत.

अभियंत्याचं नाव ट्रिप टकर. बोलका, गरम डोक्याचा, जिवाला जीव देणारा. जहाजावरची टीपॉल ही व्हल्कन, म्हणजे परग्रहावरची, अधिकारी आणि तो यांचं नातं चार वर्षं हळूहळू वाढत गेलं होतं. त्या रात्री लागोपाठ दोन भाग दाखवले. पहिला ‘टेरा प्राइम’. त्यात ट्रिप आणि टीपॉल यांच्या पेशींवरून शत्रूनं चोरून जन्माला घातलेलं बाळ मरतं. आईबाप एकमेकांचा हात धरून बसतात. पाहणाऱ्यांचे डोळे अजून सुकले नव्हते, तोच दुसरा भाग सुरू झाला.

हा दुसरा भाग सहा वर्षं पुढं जातो, २१५५ वरून २१६१ मध्ये. पृथ्वी आणि इतर ग्रहांचा महासंघ स्थापन होणार आहे, जहाज निवृत्त होणार आहे, सगळे घरी निघालेत. वाटेत एका जुन्या मित्राच्या मुलीला गुंडांच्या हातून सोडवलं जातं. ते गुंड पाठलाग करत जहाजावर चढतात. कॅप्टन आर्चरला वाचवायला ट्रिप त्यांना फसवून बाजूला नेतो आणि स्वतःसकट स्फोट घडवतो. मरतो. मग समारंभ. आर्चर भाषणाला उभा राहतो, आणि भाषण सुरू व्हायच्या आत भाग संपतो.

चाहते चिडले, आणि त्यांच्या तक्रारी मोघम नव्हत्या. एक: सहा वर्षं गेली, पण हुद्दे जिथल्या तिथं. सुकाणूवरचा मेवेदर २१५५ मध्ये एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालच्या हुद्द्याचा अधिकारी, होता, २१६१ मध्येही एन्साइनच. दोन: आधीच्या भागात बाळासाठी एकत्र रडलेले ट्रिप आणि टीपॉल इथं सहा वर्षं वेगळे असल्याचं कळतं, का ते दिसत नाही. तीन: ज्या जहाजानं याहून मोठे शत्रू परतवले त्यावर चार भुरटे गुंड सहज चढतात, आणि त्यांच्यासाठी मुख्य अभियंता जीव देतो. आणि चौथी तक्रार सगळ्यात मोठी. हा भाग या जहाजावर घडतच नाही. तो दोनशे वर्षांनंतर स्टार ट्रेकच्याच दुसऱ्या मालिकेतला अधिकारी रायकर आपल्या जहाजावरच्या होलोडेकवर बघत असतो. होलोडेक म्हणजे जुन्या नोंदींवरून हुबेहूब देखावा उभा करणारी खोली. स्वतःच्या अडचणीवर निर्णय घेता यावा म्हणून रायकर तिथं आलेला असतो. म्हणजे चार वर्षं ज्यांच्या मागं प्रेक्षक होते त्यांचा शेवट दुसऱ्याच्या करमणुकीत उरकला. लेखकांनी तो स्टार ट्रेकच्या सगळ्या चाहत्यांसाठी प्रेमपत्र म्हणून लिहिला होता. चाहत्यांना तो अपमान वाटला. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. चार वर्षं सोबत राहिलेल्या प्रेक्षकाला शेवटच्या दिवशी पाहुणा करू नये. आपल्या मराठी मालिकाही दोन वर्षं रबरासारख्या ताणतात आणि शेवटच्या आठवड्यात सगळी लग्नं, तुरुंग आणि स्मृती परत येणं एका दमात उरकतात. प्रेक्षकांनी त्याबद्दल वाहिन्यांना पत्रं लिहायला हवीत. खरंच लिहायला हवीत.

असो. ट्रिप मेला, मालिका संपली. अँडी मँगल्स आणि मायकल ए. मार्टिन या दोघांना पुढची कादंबरी लिहायची होती. वाट सोपी नव्हती. पडद्यावरचं खोटं ठरवायचं, तर हक्कधारक मान्य करणार नाहीत, कारण स्टार ट्रेकमध्ये पडद्यावर दिसलं तेच अधिकृत धरतात आणि पुस्तकांनी त्याला धक्का लावायचा नसतो. आणि तसंच ठेवायचं, तर चाहते पुस्तक हातात धरणार नाहीत.

त्यांनी केलं ते असं. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वावर कसतोय दुसराच, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नोंद खरी असते, म्हणजे कागद खरा असतो. नोंदीतली हकीकत खरी असेलच असं नाही. रायकरनं पाहिली ती नोंद होती. मग ती नोंदच कुणीतरी मुद्दाम चुकीची करून ठेवली असेल तर? ‘द गुड दॅट मेन डू’ या कादंबरीत स्टार ट्रेकच्याच आणखी एका मालिकेतले, आता म्हातारे झालेले दोन मित्र, लेखक जेक सिस्को आणि त्याचा बालमित्र नॉग, नुकत्याच खुल्या झालेल्या गुप्त नोंदी उघडून बसतात आणि जुना देखावा आणि नव्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघतात. हुद्दे बदलले नाहीत, असं कसं? गुंड इतक्या सहज चढले, असं कसं? म्हणजे चाहत्यांच्या तक्रारी कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडी येतात आणि तिथं त्या पुरावा ठरतात. प्रसंग २१६१ मध्ये घडलाच नाही, तो २१५५ मधला. म्हणूनच हुद्दे तेच होते. मृत्यू ठरवून रचलेला होता. रोम्युलन शत्रू जास्त वेगाचं इंजिन बनवत होता, त्याच्या मुलखात हेर म्हणून एक अभियंता घुसवायचा होता, आणि मेलेल्या माणसाला कुणी शोधत नाही. आर्चरसह मोजक्याच लोकांना हे ठाऊक. शस्त्रक्रियेनं चेहरा बदललेला ट्रिप शत्रूत मिसळतो.

पुन्हा सांगतो, कारण कानावरून निसटण्यासारखं आहे. त्यांनी पडद्यावरचं एकही दृश्य पुसलं नाही. दृश्य तसंच ठेवलं आणि ते कुणी, कशासाठी रचलं हे बदललं. दृश्य तेच, अर्थ नवा.

यावर चाहते काय म्हणाले? एकमत झालं नाही, आणि ते होणारही नव्हतं. बऱ्याच जणांना मनापासून आनंद झाला, कारण त्यांची तक्रार कुणीतरी शब्दशः ऐकली होती. काहींना युक्ती पटली पण गुंता जास्त वाटला. खोटा मृत्यू, गुप्त संघटना, बदललेला चेहरा, इतकं सगळं एका माणसाला परत आणायला. ट्रिप-टीपॉलच्या जोडीवर जीव असलेल्यांची निराशा वेगळी होती. ट्रिप जिवंत झाला, पण परक्या मुलखात. दोघांची ताटातूट पुढच्या पुस्तकांतही लांबली. काही म्हणाले, मृत्यू वाईट लिहिला होता हे मान्य, पण तो परत फिरवला की पुढं कुणाच्याच मरणाला वजन राहत नाही. आणि काहींनी पुस्तक उघडलंच नाही. पडद्यावर नाही म्हणजे झालंच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

या शेवटच्या गटाला उत्तर आहे, आणि ते दुसऱ्या पुस्तकांत मिळतं. मूळ मालिकेतल्या सुलू या अधिकाऱ्याला पडद्यावर पहिलं नाव नव्हतं. व्होंडा मॅकिंटायर यांनी १९८१ च्या कादंबरीत त्याला हिकारू म्हटलं, आणि १९९१ च्या चित्रपटात तेच नाव पडद्यावर उच्चारलं गेलं. ब्रिटनमधली ‘डॉक्टर हू’ १९८९ मध्ये थांबली. १९९१ पासून कादंबऱ्यांनी ती पुढं नेली, आणि पॉल कॉर्नेल यांच्या १९९५ च्या कादंबरीवरून २००७ मध्ये त्याच मालिकेचे दोन भाग बनले. पुस्तकातलं पडद्यावर जातं. रोज जात नाही, पण जातं.

उलटही होतं, आणि ते जास्त दुखतं. स्टार ट्रेकच्या कादंबऱ्यांनी वीसेक वर्षं एकमेकींना धरून एक मोठा इतिहास उभा केला होता. २०२० मध्ये रायकरचा कॅप्टन पिकार्ड याच्यावरची नवी मालिका आली आणि तिनं वेगळाच इतिहास सांगितला. २०२१ मध्ये ‘कोडा’ नावाच्या तीन कादंबऱ्या लिहून तो जुना इतिहास रीतसर मिटवण्यात आला. निदान निरोप दिला, असं कुणी म्हणालं. कुणाला एवढा काळोखी शेवट सोसला नाही. मला निरोप देणं योग्य वाटतं. न सांगता दुकान बंद करण्यापेक्षा ते बरं.

अशी कादंबरी वाचून मत द्यायचं असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. पहिली, आवाज. पात्राचा संवाद मोठ्यानं वाचा आणि तो नट तुमच्या कानात बोलतो का ते बघा. इथं बरेच लेखक घसरतात. नटाचा थांबा, त्याची नजर कागदावर आणता येत नाही, मग ते ठरलेली लकब पुन्हा पुन्हा वापरतात. मूळ मालिकेतला व्हल्कन अधिकारी स्पॉक, त्याची भुवई पानोपानी वर गेली की समजा लेखकाला स्पॉक सापडलेला नाही. दुसरी, काळ. गोष्ट कुठल्या दोन भागांच्या मध्ये बसते? स्टार ट्रेकच्या पुष्कळ कादंबऱ्यांत सुरुवातीलाच इतिहासकाराची टीप असते, तिच्यात हे लिहिलेलं असतं. आणि इथं वाचनालयांना एक विनंती. बाइंडिंग करताना पहिली पानं आणि मूळ मुखपृष्ठ काढून टाकू देऊ नका, समास कापू देऊ नका. प्रकाशनाचं वर्ष, आवृत्ती, ही टीप, सगळं तिथंच असतं. जळगाव-धुळ्याच्या जुन्या संग्रहांत जे आहे ते पुन्हा छापून येणार नाही, त्याचं पहिलं पान जपा.

तिसरी गोष्ट, न्याय. पात्राला मालिकेनं जे नाकारलं ते कादंबरीनं दिलं का, आणि देताना फुकट दिलं की किंमत घेतली? ट्रिपच्या बाबतीत किंमत घेतली आहे. जीव परत मिळाला. नाव, चेहरा आणि टीपॉल गेली. म्हणून माझ्या मते ही कादंबरी टिकते. या तिन्ही गोष्टी एकत्र करून “आवडली” किंवा “नाही आवडली” म्हणू नका. आवाज चुकलेली कादंबरी न्याय बरोबर देऊ शकते, आणि उलटही.

आता वाचायचा क्रम. आधी ‘टेरा प्राइम’ बघा, मग शेवटचा भाग बघा, चिडा, आणि मग ‘द गुड दॅट मेन डू’ हातात घ्या. त्यानंतर २००८ ची ‘कोबायाशी मारू’, मग रोम्युलन युद्धावरच्या २००९ आणि २०११ मधल्या दोन कादंबऱ्या. युद्ध दोनच पुस्तकांत आटोपलं अशी तक्रार ऐकायला मिळते, आणि ती रास्त आहे. एक सावधगिरी मात्र ठेवा. याच जोडीची ‘लास्ट फुल मेजर’ २००६ मध्ये, म्हणजे आधी आली. तिची मुख्य गोष्ट मालिकेच्या तिसऱ्या पर्वातली आहे, त्यामुळे प्रकाशनाच्या क्रमानं घ्या किंवा कथेतल्या काळाच्या क्रमानं, ती आधीच हाती पडते. तिच्या उपसंहारात ट्रिपचं गुपित फुटतं. भुसावळ स्टेशनवरच्या स्टॉलवर किंवा रद्दीच्या दुकानात ती आधी मिळाली तर घ्या, वाचा, पण उपसंहार आला की खूण घालून मिटा, आणि ‘द गुड दॅट मेन डू’ संपल्यावर उघडा.

नमस्कार.