पसंतीसाठी पाडलेली नाणी

श्रोतेहो, नमस्कार. नाणेसंग्रह म्हटलं की आपल्याला शिवराई आठवते, राणीछाप रुपया आठवतो. मी आज सांगणार आहे नमुना नाण्यांबद्दल. टांकसाळ आधी थोडी नाणी पाडते, सरकारला दाखवते आणि होकार मिळाला तरच ती चलनात येतात. नमुना नाणं म्हणजे पसंतीसाठी पाडलेलं नाणं, एवढं ध्यानात असू द्या.

अशा नाण्यांची एक गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. तिथे बोअर, म्हणजे डच वंशाच्या शेतकऱ्यांची दोन प्रमुख प्रजासत्ताकं होती. त्यांतलं एक ट्रान्सवाल, १८५२ सालचं. १८७२ मध्ये थॉमस बर्गर्स तिथले अध्यक्ष झाले. हे गृहस्थ मूळचे पाद्री, आणि पाद्री असतानाच त्यांच्यावर पाखंडाचा खटला चाललेला! पुढच्याच वर्षी ट्रान्सवालमधल्या पिलग्रिम्स रेस्ट या गावी सोनं सापडलं. बर्गर्स म्हणाले, सोनं आपलं, मग नाणं परक्याचं का? सोनं थेट इंग्लंडला गेलं. ठसे लिओनार्ड वायन यांनी कोरले, नाणी बर्मिंगहॅमला हीटन यांच्या टांकसाळीत पडली. साल १८७४, नाणी अवघी ८३७. एका बाजूला प्रजासत्ताकाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला दाढीधारी बर्गर्स स्वतः! ठसे दोन वापरले गेले, म्हणून ६९५ नाण्यांवर दाढी बारीक केसांची आणि १४२ नाण्यांवर जाडीभरडी. राजधानी प्रिटोरियात, ट्रान्सवालच्या लोकसभेत नाणी आली आणि काही सभासद बिथरले. बायबलवर श्रद्धा असणारी ही माणसं. जिवंत माणसाची प्रतिमा सोन्यावर? हा कसला अहंकार?

मला ते सभासद पटतात. हयात माणसाचा चेहरा नाण्यावर नकोच.

असो. ही नाणी नमुना की चलन, यावर संग्राहक अजून भांडतात. १८७७ मध्ये इंग्रजांनी ट्रान्सवाल घशात घातलं, बर्गर्स गेले, आणि १८८१ मध्ये गरिबीतच वारले. त्यांची नाणी मात्र लोकांनी दागिन्यांत घातली, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखी.

दुसरं प्रजासत्ताक ऑरेंज फ्री स्टेट. त्याचं स्वतःचं चलन कधी निघालंच नाही. १८८८ सालच्या पेनीसारखे नमुने तेवढे आहेत. अख्ख्या देशाचं नाणं, आणि ते फक्त नमुन्यात!

घेणाऱ्यांनी काठ बघा. पुन्हा सांगतो, आधी काठ बघा. दागिन्यातून सुटलेल्या नाण्याच्या काठावर डाग देऊन जोडल्याची खूण राहते, किंमत तिथेच घसरते. मग वजन करा. बर्गर्सचं नाणं सॉव्हरिन या इंग्रजी सोन्याच्या नाण्याइतकं, म्हणजे ८ ग्रॅमच्या जरा आत भरतं. प्रतिकृतीही फिरतात. आणि कृपा करून कुठलंही जुनं नाणं चिंचेने घासू नका.