कणीक आणि जवारी

(दृश्य : अंबाजोगाई. योगेश्वरी मंदिराजवळची गल्ली, जुना वाडा, सकाळचं स्वयंपाकघर. परात, पीठ, पाण्याचा तांब्या.)

हे हात माझ्या आईचे. वय 81. कणीक मळताना ती अजूनही सुनेला परातीजवळ येऊ देत नाही. या हातांनी मळलेली कणीक एकदा भर मैफलीत वाजली होती. हो, वाजली. साठ-सत्तर माणसांनी ऐकली.

साल 1986. मी बारा वर्षांचा होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिक्षक. पगार बेताचा, नाद गाण्याचा. गावातली त्यांच्यासारखीच सात-आठ माणसं वर्गणी काढायची, एखाद्या मोठ्या कलावंताला पत्र घालायची, आणि तिकडून होकार आला की घरात लगीनघाई सुरू. गावाला रेल्वे नाही. कलावंत परळीला उतरणार, तिथून 25 किलोमीटर एस.टी.नं किंवा कुणाच्या तरी जीपमधून येणार. बरं लॉज तेव्हा नव्हतंच म्हणा ना. त्यामुळे माणूस कितीही मोठा असो, मुक्काम आमच्या माडीवर आणि जेवण आईच्या हातचं.

त्या वर्षी आले ते पखवाजवादक. त्यांचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. ते आता हयात नाहीत, आणि घरी पाहुणा म्हणून आलेल्या माणसाच्या गोष्टी त्याच्या घरच्यांना न विचारता नावानिशी सांगू नयेत, असं आईचं म्हणणं आहे. मला ते पटतं. रेडिओवर त्यांचं नाव लागलं की अण्णा आम्हा भावंडांना तोंडातून शब्द काढू द्यायचे नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे.

दुपारी चारला ते आले. हातपाय धुतले, चहा घेतला, आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, वाटीभर कणीक मिळेल का?"

आईला वाटलं, प्रवासातून आलेत, भूक लागली असेल. ती म्हणाली, "बसा, पाच मिनिटांत गरम पोळ्या टाकते."

ते हसले. "मला नको. याला हवीय." काखेतला पखवाज त्यांनी खाली ठेवला.

(दृश्य : पखवाजाचं डावं पान. ओल्या कणकेचा गोळा बोटांनी पसरला जातोय.)

तबल्याच्या डग्ग्यावर शाई, म्हणजे तो काळा गोल लेप, कायमची बसवलेली असते. पखवाजाच्या उजव्या पानावरही, म्हणजे चामड्यानं मढवलेल्या तोंडावरही असते. पण जुन्या रीतीच्या पखवाजाचं डावं पान कोरं. वाजवायच्या आधी त्यावर ताजी कणीक थापायची. कणीक वाढवली की स्वर खाली उतरतो, थोडी खरवडली की वर चढतो. उजवी बाजू चामड्याच्या वादीखालच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी मारून सुरात आणायची आणि डावी अशी, कणकेवर. मैफल संपली की ती काढून टाकायची. दर वेळी नवी.

आईनं पोळीसाठी मळतात तशी मळून दिली. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली, मान हलवली. अजून सैल. तिनं पाण्याचा हात लावला. अजून थोडी. शेवटी ते तिच्याच शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, आणि देशभर नावाजलेला तो माणूस आणि आमची आई, दोघं मिळून एका वाटीतली कणीक पारखत राहिले. जमली. त्यांनी ती पानाच्या मध्यावर थापली, ओल्या बोटांनी कड सारखी केली आणि तळव्यानं एक थाप दिली.

मांडणीवरची पितळी पातेली घुमली. मी ऐकलं, आईनंही ऐकलं. तिनं चटकन मांडणीकडं पाहिलं आणि मग त्यांच्याकडं.

रात्री कार्यक्रम झाल्यावर त्यांनी ती कणीक खरवडून तिचा गोळा केला, माझ्या हातावर ठेवला. "सकाळी गाईला घाल." गोळा कोमट होता. दोन तास हात पडलेत त्याच्यावर, हे मला तेव्हा कळत होतं.

आता आमच्या गावात बाहेरचा पखवाजवादक येणं ही साधी गोष्ट नव्हती. अंबाजोगाईत पखवाज म्हटलं की पुढचा शब्द आपेगाव. पैठण तालुक्यातलं, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं आपेगाव वेगळं. हे आमच्याच तालुक्यातलं. पद्मश्री शंकरबापू आपेगावकर इथले. वारकऱ्यांच्या भजनात घुमणारा मृदंग त्यांनी शास्त्रीय संगीताच्या मोठ्या व्यासपीठांवर नेला, आणि पुढे उद्धवबापूंनी तीच परंपरा चालवली. आमच्याकडं उतरलेल्या पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना काय सांगितलं असेल? "परतीची गाडी संध्याकाळची आहे ना? मग मला आपेगाव दाखवा."

अण्णांना शाळा होती. बरोबर पाठवलं मला. एस.टी.त खिडकीजवळ बसून ते मला विचारत होते, तुमच्याकडं भजन कोणत्या वारी असतं, काकडा किती वाजता उठतो, टाळकरी किती जमतात. गावात उतरल्यावर देवळात गेले, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, सभामंडपात अर्धा तास नुसते बसून राहिले. कुणी ओळखलं नाही. त्यांनी ओळख सांगितलीही नाही. येताना पेरू घेतले. मोठा कलावंत दुसऱ्या कलावंताच्या गावी कसा जातो, ते मी बाराव्या वर्षी पाहिलं. आजवर कुणी याहून चांगलं काही शिकवलेलं नाही मला.

(दृश्य : वेरूळ. कैलास लेण्यासमोरचं मोकळं पटांगण.)

पुढे शिकायला औरंगाबादला गेलो. वेरूळचा महोत्सव तेव्हा खरोखर वेरूळला, कैलास लेण्यासमोर व्हायचा. नंतर तो शहरात, सोनेरी महालाच्या अंगणात आला. आम्ही पोरं स्वयंसेवक. काम काय, तर सतरंज्या उचला, पाणी द्या, तानपुरे सांभाळा. एका संध्याकाळी एका थोर गायकानं तानपुरा माझ्या मांडीवर दिला आणि बोटं कशी टाकायची ते दाखवलं. मी अर्धा तास छेडत बसलो, ते डोळे मिटून सूर लावत होते. रंगमंचावर जाण्याआधी त्यांनी एकच विचारलं, "जेवलास का?" त्या रात्री ते काय गायले, ते मला विचारलं तर राग सांगता येईल, चीज नाही सांगता येणार. ते दोन शब्द मात्र आवाजासकट आठवतात.

त्याच शहरात पंडित नाथराव नेरळकर राहायचे. मूळचे नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा गवई आमच्या ओळखीच्या रस्त्यांवरून ये-जा करायचा, पोरांना शिकवायचा. 28 मार्च 2021 ला ते गेले. त्यांच्यापाशी बसून शिकलेली माणसं मला या फिल्मच्या निमित्तानं जिथं गेलो तिथं भेटली, आणि 'गुरुजी' म्हणताना प्रत्येकाचा आवाज जरा खाली येतो.

परभणीला गेलो की लोक राजारामबापू कदमांच्या गोंधळाच्या आठवणी काढतात. लोककवी वामनदादा कर्डक तर नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922 चा, पण गाणं खांद्यावर घेऊन ते गावोगाव, वस्तीवस्तीत फिरले. 2004 साली ते गेले, तरी 'दादा आमच्याकडं मुक्कामाला होते' असं अभिमानानं सांगणारी घरं आजही आहेत. या प्रत्येकावर वेगळी फिल्म व्हायला हवी. मी इथं आमच्या घरातलंच सांगतोय.

ही फिल्म करायचं मनात कधी आलं, तेही सांगतो. 15 डिसेंबर 2024. उस्ताद झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली आणि माझ्या फोनवर फोटो येऊ लागले. लातूरचे, नांदेडचे, जालन्याचे मित्र. ही सगळी माणसं सवाई गंधर्व महोत्सवासाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाणारी, घोंगडी पांघरून भारतीय बैठकीत बसणारी. फोटोखाली कुणीच तालाबद्दल लिहिलं नव्हतं. माझ्याकडं पाहून हसले, माझं नाव विचारलं, माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मी ते वाचत बसलो आणि मला आईची कणीक आठवली.

(दृश्य : वाड्याचा चौक. ओसरी. खुंटीला टांगलेला कंदील.)

आता 2006. भारनियमनाचे दिवस. मराठवाड्यात ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. लाईट कधी येते यावर पीठ दळायचं, पाणी भरायचं, पोरांचा अभ्यास घ्यायचा. अण्णा थकले होते, पण बैठकीचं खूळ गेलं नव्हतं. त्या वेळी एक गायिका आल्या होत्या. त्यांचंही नाव मी घेणार नाही. महाराष्ट्रात त्यांना ओळखत नाही असा गाण्यातला माणूस नसेल.

दुपारी माडीवर तानपुरे लावणं चाललं होतं. त्यांच्याबरोबरची शिष्या जिन्यातूनच म्हणाली, "ताई, जवारी बिघडलीय."

आई खाली पाटावर होती. ती तशीच उठली. "कोण म्हणतं बिघडलीय? परवाच निवडून, ऊन देऊन कणगीत भरलीय मी. एक किडा निघायचा नाही!"

क्षणभर वर शांतता. मग बाईंच्या हसण्याचा असा काही आवाज आला की तानपुरा बाजूला ठेवून त्या स्वतः खाली उतरल्या आणि आईला हाताला धरून माडीवर घेऊन गेल्या. तारा ज्या हाडाच्या चपट्या घोडीवरून जातात, तिच्या घासलेल्या पृष्ठभागाची करामत म्हणजे तानपुऱ्याची जवारी. तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की मेलेली तार बोलायला लागते. बाईंनी तो दोरा आईला सरकवायला लावला. आधी तार ठक्क वाजली. जरा सरकला, आणि खोलीभर भुंग्यासारखा नाद पसरला.

"आली का?" बाईंनी विचारलं.

"आली," आई म्हणाली. तानपुरा मिरजेचा होता, भोपळा भीमाकाठचा, आणि त्याची जवारी आमच्या आईनं लावलेली.

रात्री चौकात पन्नास-साठ माणसं. बिहाग सुरू झाला. विलंबित रंगात आलं आणि लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद, मिट्ट काळोख. आम्ही इन्व्हर्टरसाठी धावणार, तोच लक्षात आलं की गाणं थांबलेलंच नाही. आवाज फक्त लहान झाला होता. बाईंनी गाता गाताच 'जवळ या' असं म्हटलं असावं, कारण अंधारात सतरंजीवरून माणसं पुढं सरकल्याचा आवाज मला आला.

आईनं स्वयंपाकघरातून कंदील आणला. बाईंच्या डाव्या हाताला ठेवला आणि परत वळली. बाईंनी तिच्या पदराचं टोक धरलं. तान सुरूच होती. दुसऱ्या हातानं शेजारची सतरंजी थोपटली.

आई बसली. बोटांना पीठ तसंच.

वीस वर्षं या घरात मैफली झाल्या. दर वेळी ती चुलीपाशी, किंवा फार तर दाराआड. पुढ्यात बसून ऐकलेलं हे तिचं पहिलं गाणं. इतकी वर्षं मी त्या चौकात पहिल्या रांगेत बसत होतो आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याची खंत मला आजही आहे.

चाळीसेक मिनिटांनी लाईट आली. पंखे गरगरले, बल्ब लागला. कुणीतरी उठलं, आणि बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भाकरी थापायला बसल्या. पहिली तुटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, तिसरीला पापुद्रा आला. ती त्यांनी तेल-चटणीबरोबर तिथंच खाल्ली. "हिला असा गोडवा कशामुळं?" आई म्हणाली, "मालदांडी आहे. आमच्या काळ्या रानातली."

(दृश्य : आजची संध्याकाळ. ओसरीवर पांढरी पिशवी. आई सुईनं तिचं तोंड शिवते आहे.)

अण्णा गेले. मैफली आता गावात सभागृहात होतात, कलावंत हॉटेलात उतरतात, आणि त्यात त्यांची सोय चांगली होते हे मी मान्य करतो. पण रब्बीची सुगी झाली, नवं धान्य घरात आलं की आई अजूनही दहा किलो मालदांडी निवडते. सुपातून पाखडते. दोनदा ऊन देते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं ती पिशवी पुण्याला जाते. तिकडून फोन येतो, दोघी बोलत बसतात. गाण्यावर नाही, गुडघे, नातवंडं, पाऊस.

यंदा आम्ही कॅमेरा घेऊन स्टँडवर तिच्याबरोबर गेलो. क्लीनर पोरगा नवा होता. पिशवी डिकीत ढकलायला लागला तशी आईनं त्याला थांबवलं.

"आडवी नको टाकू रे लेकरा. उभी ठेव. गाणाऱ्या बाईची जवारी हाय ती."