मागच्या स्पीकरमधला तंबोरा

(दृश्य : बैठकीची खोली, पडदे ओढलेले. रिसीव्हरचा, म्हणजे पाचही स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या होम थिएटरच्या यंत्राचा डिस्प्ले उजळतो. सीडीचा ट्रे आत जातो.)

रविवारची सकाळ. ख्यालगायनाची, मैफलीत मुद्रित झालेली सीडी लावली आहे. गाणं सुरू होतं आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. गायिका टीव्हीखालच्या आडव्या सेंटर स्पीकरमध्ये अडकली आहे, आणि तंबोरा आपल्या सोफ्यामागे झंकारतोय. तंबोरे गायिकेच्या मागे असतात हे खरं, पण इथे ते थेट आपल्याच मागे येऊन बसलेत.

(दृश्य : डिस्प्लेवर ‘डॉल्बी सराउंड’.)

सीडीवर वाहिन्या दोनच, डावी आणि उजवी. तरी पाचही स्पीकर वाजतात, कारण रिसीव्हर आपल्या मनाने वाटणी करतो. दोन्ही वाहिन्यांत जे सारखं, ते मधल्या स्पीकरला. जो फरक, त्यातला बराचसा मागच्यांना. १९८२ साली डॉल्बी सराउंड घरात आलं तेव्हापासून हिशेब साधारण हाच. १९८७च्या प्रो लॉजिकने त्यात सेंटर स्पीकरची भर घातली. तेव्हाच्या चित्रपटांचा ध्वनी याच बेताने दोन वाहिन्यांत बसवलेला असे, त्यामुळे तो बरोबर उलगडे. आपली सीडी अशी कुणी भरलेलीच नाही. एक तंबोरा डावीकडे, दुसरा उजवीकडे. रिसीव्हरला त्यात फरक दिसतो, आणि तो त्यांना मागे धाडतो.

(दृश्य : रिमोटवर अंगठा. डिस्प्लेवर ‘स्टिरिओ’.)

आता डोळे मिटा. गायिका दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे स्पीकरच नाही. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली पेटंटसाठी अर्ज केला तो ध्वनीच्या याच करामतीसाठी. या करामतीसाठी ऐकणाऱ्याची जागा मात्र नेमकी लागते. दोन स्पीकरांत अडीच मीटर अंतर असेल, तर आपणही प्रत्येकापासून अडीच मीटरवर.

जुन्या तबकड्यांवरची नाट्यगीतं मोनो. दोन्ही वाहिन्या तंतोतंत सारख्या, म्हणून सराउंडमध्ये सगळं गाणं सेंटर स्पीकरमध्ये जाऊन बसतं. ऑर्गन, तबला, गायक, सगळे एका डब्यात. तिथेही स्टिरिओच बरं.

‘ऑल चॅनल स्टिरिओ’ नावाचा आणखी एक पर्याय दिसेल, तेच गाणं सगळ्या स्पीकरांतून वाजवणारा. पूजेला पाहुणे जमलेत आणि गाणं स्वयंपाकघरापर्यंत पोचवायचंय, तर जरूर लावा. ऐकायला बसला असाल तर नको.

(दृश्य : डिस्प्लेवर ‘डायरेक्ट’. तबलजीचा डावा हात.)

मग हौशी माणूस ‘डायरेक्ट’ दाबतो. शुद्ध आवाज म्हणून. आणि डग्ग्याचा घुमारा गायब! यात सीडीचा दोष नाही. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी वेगळा सबवूफर. त्यातला तो ‘पॉइंट वन’, म्हणजे सबवूफरची स्वतंत्र वाहिनी, स्टिरिओत नसतेच. सबवूफरला मिळतं ते रिसीव्हरने खालच्या पट्टीतून वेगळं काढलेलं, आणि बऱ्याच रिसीव्हरांत ‘डायरेक्ट’ नेमकं तेच काम बंद करतं. परत ‘स्टिरिओ’वर या. मेन्यूत पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली सीमा) ८० हर्ट्झ. पुरुषभर उंचीचे स्पीकर घेऊन त्यांना ‘स्मॉल’ म्हणायचं जिवावर येतं, कबूल. पण तो शब्द आकाराबद्दल नाही. ८०च्या खालचं ओझं सबवूफरने उचलायचं, एवढाच त्याचा अर्थ. डग्गा लगेच जमिनीवर बसतो.

(दृश्य : सोफा. खिडकीकडच्या टोकाला एक वयस्क बाई, हातात चहाचा कप.)

इथे खरी अडचण सुरू होते. आई नेहमी खिडकीकडच्या टोकाला बसते. डावा स्पीकर तिला जवळ, म्हणून स्टिरिओत तिला गायिका खिडकीत बसलेली ऐकू येते. मधे बसणाऱ्याने कितीही हट्ट धरला तरी तिच्यासाठी सेंटर स्पीकर हवाच.

म्हणून ती असली की पुन्हा डॉल्बी सराउंड, पण ‘सेंटर स्प्रेड’ चालू ठेवून. मधला आवाज थोडा डावी-उजवीकडे पसरतो, गायिका डब्यातून बाहेर येते. मागचे दोन्ही स्पीकर तीन डेसिबलने खाली. तंबोरा बराचसा पुढे सरकतो, मागे उरतात त्या सभागृहाच्या टाळ्या.

(दृश्य : समेवर टाळ्या. आई कप हातात धरूनच मान वळवून मागे बघते.)