उणे ११०: हब झोपेतून उठत नाही तेव्हा टाइमआउट वाढवू नका

नमस्कार. गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जात आहे. लिनक्स असलेल्या लॅपटॉपचे झाकण बंद केले, थोड्या वेळाने उघडले, आणि यूएसबी हबला (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) जोडलेला कीबोर्ड किंवा माउस चालेनासा झाला. लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या नोंदवहीत, ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -११०’ अशी ओळ दिसते. मग विचारणा होते की टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, कुठे वाढवायचा? आजचा व्हिडिओ मी या शेवटच्या प्रश्नासाठीच करत आहे.

प्राथमिक माहिती झटपट सांगतो, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. बसवर, म्हणजे संगणक आणि उपकरणे ज्यावरून बोलतात त्या मार्गावर, तीन मिलिसेकंद शांतता राहिली की यूएसबी उपकरण झोपेच्या अवस्थेत जाते. त्याला उठवण्यासाठी संगणक वायरीवर रिझ्यूमचा संकेत धरून ठेवतो. यूएसबी २.० च्या मानकानुसार तो किमान २० मिलिसेकंद असावा लागतो आणि सध्याचे लिनक्स तो ४० मिलिसेकंद धरते. त्यानंतर उपकरणाला सावरण्यासाठी आणखी १० मिलिसेकंद मिळतात. उठण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी कंट्रोलर (संगणकातील यूएसबी सांभाळणारी चिप), मग रूट हब (त्या कंट्रोलरचा अंगभूत हब), मग आपण विकत आणलेला हब आणि शेवटी कीबोर्ड. ही उतरंड लक्षात ठेवा, कारण वरचे मडके नीट बसले नसले तरी लॉगमध्ये नाव बऱ्याचदा खालच्याचे येते.

आता मुख्य मुद्दा. उणे ११० हा आकडा कीबोर्डाने पाठवलेला नसतो, हबनेही नाही आणि कंट्रोलरनेही नाही. तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः तयार करतो. कर्नलमधील यूएसबी सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे यूएसबी कोअर, एक विनंती पाठवते, ठरलेला वेळ वाट पाहते, उत्तर आले नाही तर ती विनंती मागे घेते आणि वरच्या कोडला ‘टाइमआउट’ असे कळवते. याउलट उणे ३२ आला तर उपकरणाने विनंती स्पष्टपणे नाकारलेली असते, म्हणजे ते निदान जागे तरी असते. उणे ७१ बहुधा वायरीवरचा संवादच बिघडल्याचे सांगतो, आणि तेव्हा केबल बदलून पाहणे योग्य ठरते. उणे ११० एवढेच सांगतो की वाट पाहणारा थांबला. उत्तर का आले नाही, हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नाही.

हीच गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल तर यूएसबीमॉन हे यूएसबीवरची देवाणघेवाण नोंदवणारे कर्नलचे मॉड्यूल सुरू करा आणि त्या बसची नोंद एका फाइलमध्ये साठवा. पूर्ण आज्ञा पडद्यावर दिसत आहे. अनेकांनी लिहिले आहे की त्यांनी त्या फाइलमध्ये ११० शोधले आणि काहीच सापडले नाही, म्हणून नोंदच चुकली असावी. नोंद चुकलेली नाही. तिथे विनंती पाठवल्याची ‘एस’ने खूण केलेली एक ओळ असते आणि ती संपल्याची ‘सी’ने खूण केलेली दुसरी ओळ असते. त्या दुसऱ्या ओळीत -२ असा आकडा असतो, कारण कर्नलने विनंती मागे घेतली. त्याचे ११० मध्ये रूपांतर नंतर होते. दोन्ही ओळींच्या वेळा मायक्रोसेकंदांत असतात. त्यांची वजाबाकी करा. उत्तर ५०,००,००० च्या आसपास आले, तर तुम्ही कर्नलचे पाच सेकंदांचे घड्याळ पाहत आहात, उपकरणाचे वागणे नव्हे. हा वेळ तुम्ही वीस सेकंद केला, तर त्याच दोन ओळी वीस सेकंदांच्या अंतराने दिसतील आणि मध्ये तीच शांतता असेल. जे उपकरण पाच सेकंद, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने युगभर, काहीच बोलले नाही, ते सहाव्या सेकंदाला बोलेल असे मानायला काहीही आधार नाही.

या प्रश्नाची आणखी एक बाजू मला स्वतःला फार उशिरा कळली. माझ्या टेबलावर चार पोर्टांचा एक हब होता आणि त्याला कीबोर्ड, माउस व एक पेनड्राइव्ह जोडलेला असे. झाकण उघडल्यावर कॅप्स लॉकचा दिवा लागत नसे, माउस हलत नसे, आणि लॉगमध्ये दर वेळी कीबोर्डाच्याच पोर्टाचे नाव. मी दोन संध्याकाळी कीबोर्डावर घालवल्या, तिसऱ्या दिवशी नवा कीबोर्ड आणला, आणि त्याच्याही बाबतीत तेच घडले. त्या दोन्ही संध्याकाळी त्याच हबवरचा पेनड्राइव्ह व्यवस्थित चालत होता, फाइली उघडत होत्या, आणि यावरून मी निष्कर्ष काढला होता की हब ठणठणीत आहे. तिथेच माझी चूक झाली.

यूएसबी २.० चा हब संगणकाशी सेकंदाला ४८० मेगाबिट या वेगाने बोलतो, तर साधा कीबोर्ड बहुधा १.५ मेगाबिटने बोलतो. या दोघांमध्ये हबच्या आत एक दुभाषा बसलेला असतो, त्याला ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर म्हणतात. काही हबमध्ये सर्व पोर्टांसाठी मिळून एकच दुभाषा असतो, काहींमध्ये प्रत्येक पोर्टाला स्वतंत्र. पेनड्राइव्ह ४८० मेगाबिटनेच बोलत असल्यामुळे त्याला दुभाष्याची गरज पडत नाही. माझ्या हबमध्ये झोपेतून उठल्यावर हा दुभाषाच अडकून बसत होता, त्यामुळे पेनड्राइव्ह चालत असे आणि कीबोर्ड व माउस दोघेही मुके होत. कीबोर्ड थेट लॅपटॉपला जोडला की प्रश्न नाहीसा होत असे. म्हणून ‘एलएसयूएसबी -टी’ ही आज्ञा चालवा, प्रत्येक उपकरणासमोर त्याचा वेग लिहिलेला असतो तो पाहा, आणि फक्त १.५ व १२ मेगाबिटचीच उपकरणे बंद पडत आहेत का ते तपासा. तसे असेल, तर उपकरणे बदलण्यात पैसे घालवू नका.

आता एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी ‘ऑटोसस्पेंड -१ करा’ असा सल्ला देतो आणि दुसरे कोणीतरी तो करून निराश होते. लॅपटॉप जागा असताना रिकामे बसलेले उपकरण झोपवण्याची जी सोय आहे, तिच्याशीच त्या पर्यायाचा संबंध आहे. तिची मूळ मुदत दोन सेकंदांची असते. झाकण बंद केल्यावर सगळी यंत्रणाच झोपते, आणि तेव्हा हा पर्याय कोणी विचारातही घेत नाही. तुमचा बिघाड काम चालू असताना, थोडा वेळ हात न लावल्यावर होत असेल, तर मात्र ही दिशा बरोबर आहे. तेव्हाही सगळ्या यंत्रणेची ऊर्जाबचत बंद करण्याऐवजी त्या एका उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधील ‘कंट्रोल’ या फाइलमध्ये ‘ऑन’ लिहा.

माझ्या हबला लागू पडला तो उपाय ‘रिसेट-रिझ्यूम’चा. कर्नलच्या ‘यूएसबीकोअर क्वर्क्स’ या पर्यायात, म्हणजे खास वागणूक लागणाऱ्या उपकरणांच्या यादीत, हबचा उत्पादक क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि इंग्रजी वर्णमालेतील ‘बी’ हे अक्षर मध्ये अपूर्णविराम (:) देऊन लिहायचे. त्यानंतर कर्नल त्या हबला केवळ हाक मारून उठवत नाही, तर उठवतानाच रिसेट करतो, आणि अडकलेला दुभाषा मोकळा होतो. क्रमांक हबचेच द्या, कीबोर्डाचे नव्हे. ही चूक मी आतापर्यंत पाठवल्या गेलेल्या अनेक स्क्रीनशॉटांत पाहिली आहे. शिवाय पर्याय चालू यंत्रणेत लिहिला असेल, तर हब एकदा काढून पुन्हा जोडा, कारण कर्नल ही यादी उपकरण ओळखताना वाचतो.

यानंतरही अडचण राहिली तर लॉग जरूर पाठवा, परंतु पहिल्या ११० पासून कापलेला लॉग पाठवू नका. झाकण बंद करण्याच्या आधीच्या मिनिटापासूनचा पाठवा आणि सोबत ‘एलएसयूएसबी -टी’चे उत्तर जोडा. हब कधी झोपला, त्याच्या आधी कोण झोपले आणि उठताना ‘रिसेट’ची ओळ कोणाच्या नावाने आली, हे त्या आधीच्या ओळींतच असते.