हुकमाची पानं: टॅरोची खरी गोष्ट

हे पान बघा जरा. हाडांचा सापळा, हातात धनुष्य, मागे सोनेरी वर्ख. टॅरोमधला, म्हणजे भविष्य सांगतात त्या चित्रांच्या पत्त्यांमधला, मृत्यू. आजकाल हे पान निघालं की समोरच्याचा चेहराच उतरतो, पण 1450 च्या सुमारास मिलानच्या ड्यूकच्या घराण्यासाठी हे रंगवलं ना, तेव्हा ते कोणाचं भविष्य सांगायला नव्हतंच, ते होतं हुकमाचं पान. हो, हुकूम, आपण मेंढीकोटला बोलतो तोच.

पत्ते युरोपात आले 1370 च्या दशकात, बहुतेक मामलुक सुलतानांच्या इजिप्तमधून. रंग चार: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या, आणि इटलीत पोलो कोणी खेळतच नव्हतं त्यामुळे त्या काठ्यांचे झाले दंडुके. मामलुकांचा एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे, त्यातल्या एका पानावर शब्द आहे 'कंजिफा'. आपल्या सावंतवाडीची गंजिफा, तोच शब्द! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटाच आला.

मग उत्तर इटलीत या चार रंगांच्या 56 पानांना चित्रांची पानं जोडली गेली, 21 हुकूम आणि एक वेडा. नाव त्रिओंफी, हाच पुढे टॅरो. 1440 मधल्या फ्लोरेन्सच्या एका रोजनिशीत त्यांचा उल्लेख आहे. उतारीच्या रंगाचं पान हातात नसेल तर सम्राट टाका, सूर्य टाका, मृत्यू टाका, कापा, हात तुमचा. इंग्रजीतला ट्रम्प हा शब्दही याच कुळातला. तीनशेहून जास्त वर्षं लोक मुख्यतः हेच करत होते, भविष्य सांगण्याचा पहिला पुरावा मिळतो तोच मुळी 18व्या शतकातल्या बोलोन्यात.

1781 मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या लेखकाने लिहिलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचं लपवलेलं ज्ञान. आता गंमत बघा, इजिप्तची चित्रलिपी वाचता आली 1822 मध्ये, म्हणजे 41 वर्षांनी, पण तोपर्यंत ही गोष्ट पसरून गेली होती आणि एत्तेया नावाच्या भविष्यवेत्त्याने तर खास भविष्यासाठी वेगळा कॅटच काढला.

आज दुकानात जो कॅट मिळतो त्याची चित्रं मात्र लंडनची, 1909 ची, चित्रकार पॅमेला कोलमन स्मिथची. आधी बहुतेक कॅटमध्ये सात तलवारी म्हणजे नुसत्या सात तलवारी असायच्या, हिने तिथे तलवारी उचलून दबक्या पावलांनी पळणारा माणूस काढला. अशी 78 चित्रं, काही महिन्यांत! मोबदला थोडासाच मिळाला, कॅटला नावं लागली प्रकाशकाची आणि लेखकाची, तिचं नाही. 1951 मध्ये ती वारली, तीही कर्जात. तिची छोटीशी सही प्रत्येक पानावर आहे, पुढच्या वेळी हातात आलं की नक्की शोधा.

आणि खेळ? फ्रान्समध्ये अजून जोरात चालू आहे, त्याच 78 पानांवर. त्या कॅटमध्ये मृत्यूचं चित्र नाहीच, 13 हा फक्त एक हुकूम, आणि तो कोणी टाकला तर मारायला 14 किंवा त्याहून मोठा हुकूम लागतो.