ठणका कानात, मूळ भलतीकडे

चमच्यात खोबरेल, त्यात ठेचलेली लसूण. तेल कोमट झालं की दोन थेंब कानात. गोव्यात पेडण्यात काय, काणकोणात काय, कान ठणकला की हा उपाय आजही होतो. पडद्याला भोक असेल तर तो अपायच. पण आधी कान आतून पाहू.

तपासायला आलेल्या काकांच्या ठणकणाऱ्या कानाची पाळी वर आणि मागे ओढली, नळी सरळ झाली. हा पडदा. मोत्यासारखा करडा, खाली पुढच्या बाजूला उजेडाचा त्रिकोण. लाली नाही, पू नाही. ठणका खरा आहे, पण इथला नाही.

कानाच्या या प्रतिकृतीत पिवळ्या रंगात नसा दाखवल्यात. कानापुढची ही ट्रायजेमिनल नावाच्या नसेची फांदी. तीच नस खालच्या दाढांना आणि जबड्यालाही जाते. मधल्या कानातली बारीक फांदी ग्लॉसोफॅरिंजियल नसेची. टॉन्सिल आणि जिभेचा मागचा तिसरा हिस्सा तिच्याकडे. कानाच्या नळीत व्हेगस नसेची फांदी, म्हणून कानात काडी घातली की काहींना खोकला येतो. हीच व्हेगस स्वरयंत्रापर्यंत उतरते. शिवाय फेशियल नस, आणि मानेतून येणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या नसा. कानाकडून आणि घशाकडून आलेले संदेश मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी पोचतात. तिथं गल्लत होते आणि घशातली कळ कानात जाणवते.

आता माझे हात पाहा. बोटं कानासमोर, तोंड उघडा, मिटा: सांधा कटकटतो का? दातांमध्ये तीन बोटं मावतात का? मग दात पाहायच्या आरशाच्या दांड्यानं एकेक दाढ ठोकायची. शेवटच्या दाढेवर टकटक झाली, आणि काकांचा हात आपसूक कानाकडे गेला.

दाढ सापडली म्हणून थांबायचं नाही. हातमोजा घालून जिभेच्या मुळाशी बोट फिरवायचं. घाईत हीच पायरी सुटते. तिथली गाठ कधीकधी डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. नंतर मान चाचपायची.

काकांच्या खिशात तंबाखूची पुडी आहे. वय चाळिशीपुढचं, ठणका एकाच कानात, दोन-तीन आठवडे, पडदा स्वच्छ: अशा माणसाचा घसा दुर्बिणीनं पाहायलाच हवा. गोव्यात त्यासाठी बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे. उशीर झाला तर घशातला कॅन्सर मानेच्या गाठींत उतरलेला असू शकतो.

लवचीक दुर्बीण नाकातून खाली. जिभेचं मूळ, मग स्वरयंत्र. “काका, ई म्हणा.” दोन्ही स्वरपट्ट्या हलल्या, जवळ आल्या. घसा स्वच्छ आहे. आता त्या दाढेचा एक्स-रे.