कॉम्प्टन रेषेची रुंदी हा दोष नव्हे

नमस्कार. कॉम्प्टन परिणामावरील, म्हणजे क्ष-किरण इलेक्ट्रॉनावर आदळून विखुरले (प्रकीर्णन झाले) की त्यांची तरंगलांबी वाढते त्यावरील, व्हिडिओखाली एकच शंका इतक्या जणांनी विचारली आहे की आज फक्त तिच्यावरच बोलणार आहे: प्रकीर्णनाचा कोन ठरला की तरंगलांबीतील वाढही ठरते, तर मग आलेखावर बारीक रेषेऐवजी पसरट उंचवटा का दिसतो?

या वाढीचे सूत्र आपल्याला ठाऊक आहेच. आर्थर कॉम्प्टन यांनी ते १९२३ मध्ये मांडले आणि ९० अंशांसाठी ते ०.०२४३ अँगस्ट्रॉम वाढ सांगते. त्यात इलेक्ट्रॉन आधी स्थिर आहे असे धरलेले असते, आणि पाठ्यपुस्तके हे गृहीतक अर्ध्या ओळीत उरकतात, याचा मला जुना राग आहे. धातूतील इलेक्ट्रॉन स्थिर नसतो. समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनावर आदळून मागे फिरलेला फोटॉन (क्ष-किरणाचा ऊर्जाकण) सूत्रापेक्षा अधिक ऊर्जा घेऊन येतो, दूर जाणाऱ्यावर आदळलेला कमी. अशा असंख्य टकरींची नोंद एकत्र झाली की उंचवटा तयार होतो.

"मोजणी जास्त वेळ चालवली तर रेष बारीक होईल ना?" असे एका दर्शकाने लिहिले आहे. होणार नाही. उंचवटा उलट अधिक रेखीव दिसेल, कारण ती रुंदी म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या संवेगाचे वितरणच आहे. एम.एस्सी.च्या प्रयोगवहीत मीही 'रुंदी: उपकरणदोष' असे लिहिले होते, आणि सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरपुरते ते खरेही होते, कारण त्याच्या स्वतःच्या रुंदीत इलेक्ट्रॉनांची रुंदी बुडून जाते. म्हणूनच या कामाला जर्मेनियमचा डिटेक्टर किंवा स्फटिकाचा वर्णपटमापक लागतो.

अजूनही पटत नसेल, तर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेसी ड्यूमाँड यांनी १९२९ मध्ये बेरिलियमवर केलेले काम पाहावे. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन जुन्या वायुसिद्धांताप्रमाणे वागत असते, तर खोलीच्या तापमानाला त्यांची सरासरी ऊर्जा जेमतेम ०.०४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असती आणि त्यांचा उंचवटा अगदी निमुळता आला असता; फर्मी-डिराक सांख्यिकीनुसार (एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन मावतो, या पुंज-नियमावर आधारलेल्या मांडणीनुसार) मात्र बेरिलियममध्ये इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सुमारे १४ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढते. मोजलेल्या रुंदीने कौल दिला तो फर्मी-डिराकच्या बाजूने. ती रुंदी दोष म्हणून पुसून टाकली असती, तर हा निकाल हाती लागलाच नसता.

एक मर्यादा मात्र आहे. एका आलेखातून संवेगाचा एकाच दिशेचा घटक कळतो, उरलेल्या दोन दिशा बेरजेत मिसळून गेलेल्या असतात. म्हणून जपानमधील स्प्रिंग-८ सारख्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) एकच स्फटिक निरनिराळ्या दिशांना वळवून मोजमापे घेतात आणि त्या सर्वांतून फर्मी पृष्ठाचा, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमधील सीमेचा, आकार पुन्हा उभा करतात.